कुंभाराने खापर का दिलं नाही?

सुरत

चि. वैशाली,

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. तापीकाठचं गाव, एकाच पावसाळ्यात आईबाप गेलेली तीन भावंडं, त्यांना सांभाळायचं कोणी यावर पारावर झालेली बैठक, हा पाया पक्का आहे. भाषा तुझी स्वतःची आहे, उसनी नाही. हरकत एकच आहे, पण मोठी आहे. तू मुलांना फार रडवतेस. दर दोन पानांनी कोणाचे तरी डोळे भरून येतात, आणि मुलांची कीव करता करता वाचक गावाकडे बघायचं विसरतो. माझं म्हणणं असं की पोरकेपण मृत्यूने सुरू होत असलं, तरी ते पुरं करतं गाव. शिव्याशाप न देताही करतं, रोजच्या देण्याघेण्यात हात आखडता घेऊन. ते देणंघेणं दिसलं नाही, तर कादंबरीत उरतात फक्त आसवं.

मराठीत या विषयाचं सर्वांत जुनं उदाहरण आळंदीच्या चार भावंडांचं. गो. नी. दांडेकरांची 'मोगरा फुलला' तू वाचली असशीलच. आता कादंबऱ्या बाजूला ठेव आणि परंपरेने सांगितलेली कथा तेवढी घे. आपेगावचे विठ्ठलपंत बायको असताना काशीला जाऊन संन्यासी झाले, गुरूंच्या आज्ञेवरून परत आले, पुन्हा संसार मांडला, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून मुंज नाकारली गेली. देहान्त प्रायश्चित्त घेतलं तर मुलांचा तरी मार्ग मोकळा होईल, या आशेने आईबापांनी देह ठेवला. तरी मुलांवरचा डाग गेला नाही. इथे क्रम नीट बघ. बहिष्कार आधी आला, मरण नंतर. आईबाप डोळ्यांसमोर असतानाच ही मुलं निम्मी पोरकी झाली होती. आणि आळंदी हे काही परकं गाव नव्हतं, ते रुक्मिणीबाईंचं माहेर होतं. तुझ्या कादंबरीत आईबाप पुरात गेल्यावर गाव अचानक बदलतं. ते मला पटत नाही. गाव आधीपासून कुठेतरी हिशेब धरून बसलेलं असतं. मरणाने फक्त वही उघडते.

आता मांड्यांची गोष्ट घे. मुक्तेला मांडे करायचे होते. मांडे तव्यावर होत नाहीत. पुरण भरलेली कणीक हातांवर पातळ पातळ वाढवत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. म्हणून मुलगी खापर आणायला कुंभाराकडे गेली. या भावंडांचा दुस्वास करणाऱ्या विसोबांनी कुंभारांना आधीच बजावून ठेवलं होतं, तेव्हा खापर मिळालं नाही. पुढे ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्तेने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, हा चमत्कार सगळ्यांना पाठ असतो. मला मात्र तो कुंभार जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं या पोरांशी काय वाकडं होतं? कथा सांगत नाही. पुढच्या काळातली बलुतेदारी आपल्याला चांगली ठाऊक आहे, तिच्या चौकटीत ही गोष्ट ठेवून बघ. कुंभार वर्षभर गावाला मडकी पुरवतो आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घेतो. चार मुलांना एक खापर दिलं म्हणून वजनदार माणूस बिथरला, तर त्या वाट्यावर गदा येते. तो दुष्ट नाही, भितो. कादंबरीकाराला दुष्ट माणसापेक्षा असा भिणारा माणूस कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

तू म्हणशील, मामा, ही मुलं परंपरेने अवतार मानलेली. माझ्या कादंबरीतल्या शेतकऱ्याच्या पोरांशी त्यांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे, पण ज्या लोकांनी त्यांना अवतार मानलं त्यांनीच त्यांची भूक, त्यांची भिक्षा, त्यांचं रुसणं जपून ठेवलं. ताटीच्या अभंगांचा प्रसंग घे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसतात, आणि त्यांची समजूत काढते कोण, तर घरातलं शेंडेफळ. थोरले निवृत्तिनाथ धाकट्याचे गुरू, आणि ज्ञानेश्वरीभर त्यांच्यापुढे नम्र असलेल्या त्या धाकट्याला वेळेवर ताळ्यावर आणते सर्वांत लहान बहीण. पुढे तीच वयोवृद्ध चांगदेवांची गुरू झाली. गावाने व्यवहार तोडले तेव्हा भावंडांनी आपसात नवा व्यवहार सुरू केला, आणि त्यात आईबापाचं काम एकाच डोक्यावर कायमचं ठेवलं नाही. तुझी थोरली शांता पहिल्या पानापासून आई होऊन बसली आहे आणि धाकटे दोघे नुसते सांभाळले जातात. हे फार ठरीव झालं. धाकट्याला कधीतरी घरातला वडीलधारा होऊ दे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांना गावाने छळलं त्यांच्या लेखनात तक्रार कुठे आहे? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या शेवटच्या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढंच मागितलं आहे. मग गावाला दोषी धरणारा मी कोण? माझं उत्तर असं की तक्रार नसणं हा गाव निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. पण त्या मागण्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तिथे माणूस आणि त्याचं वागणं वेगवेगळं धरलं आहे. कथाही तेच करते. खापर अडवणारे विसोबा पुढे याच भावंडांचे शिष्य झाले आणि परंपरेने नामदेवांचे गुरू ठरले. म्हणून तुझ्या सरपंचाला खलनायक करू नकोस. आज त्याने जे अडवलं तेच उद्या त्याच्या हातून सुटू शकतं, एवढी जागा त्याच्यात ठेव.

गावच वाईट, गाव सुटलं की मुलं सुटली, असंही मानू नकोस. पंडिता रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास यांना असं गावच नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, आणि ही दोघं पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचा सन्मान केला, तो त्यांना पाठ असलेल्या संस्कृत ग्रंथांमुळे. त्याआधीच्या मैलोगणती वाटेवर त्यांना बहिष्कृत करणारं कोणी नव्हतं, आणि उपाशी झोपलात का म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. गाव मुलांना दुखवू शकतं, कारण मुलांना गाव लागतं. (याच रमाबाईंनी १९०० साली आपल्या या गुजरातेतल्या दुष्काळग्रस्त मुली केडगावला नेऊन सांभाळल्या. हा भाग तुझ्या कादंबरीत बसणार नाही, पण वाचून ठेव.)

शेवटचा आक्षेप तुझ्या पत्रातच आहे: आता बलुतेदारी कुठे उरली, बहिष्कार कोण टाकतं? बलुतं गेलं, कागद आला. कागद तसा तेव्हाही होता. आळंदीची ती चार पोरं शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत चालत गेली होती. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी १ टक्का आरक्षण ठेवलं, पण त्यासाठी अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागतं. इथे गुजरातेत अनाथ मुलाला घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकाला 'पालक माता-पिता' योजनेतून दरमहा मदत मिळते. हे चांगलंच आहे. पण मुलांना कोणी ठेवून घ्यायचं या चर्चेत त्या रकमेचा विचार कोणाच्याच मनात येत नाही, असं तू लिहिलंस तर खानदेशातला वाचक हसेल. आणखी एक. तुझ्या पारावर गावातले सगळे कर्ते पुरुष हजर आहेत. ते कसं शक्य आहे? त्यातले निम्मे इथे सुरतेत, उधन्याला नाहीतर लिंबायतला, लूमवर पाळी करत असणार. मुलांचा निर्णय अर्धा पारावर होईल आणि अर्धा फोनवर, रात्रपाळी सुटल्यावर.

तिसऱ्या प्रकरणात बापाची तीन एकर जमीन आहे आणि तू ती विसरून गेलीस. ती वर काढ. वारसनोंदीत तिन्ही मुलांची नावं सातबाऱ्यावर चढतील, आणि ती अज्ञान असल्यामुळे पुढे 'अ.पा.क.' म्हणून काकाचं नाव लागेल, अज्ञान पालनकर्ता. १९५६च्या कायद्याप्रमाणे नुसत्या सांभाळकर्त्याला अज्ञानाची जमीन विकता येत नाही, म्हणजे काका ती विकणार नाही, कसणार. कापूस त्याच्या नावाने जिनिंगला जाईल, आणि पोरांच्या ताटात भाकरी पडत असल्यामुळे कोणी काही विचारणारही नाही. शांता अठराची झाली की तिच्यापुरता तो शेरा काढायला अर्ज करावा लागेल. तो अर्ज तिला कोण लिहून देतं, आणि कोण 'उद्या ये' म्हणतं, यावर एक सबंध प्रकरण उभं राहील. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच चालतं. संवादात तोच शब्द ठेव. नवं प्रकरण झालं की पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा