गणवेश घालून निघतो, पण शाळेत पोचत नाही

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, पण शाळेऐवजी गोदाघाटावर बसतो, हे दिवाळीनंतर कळलं. हजेरी ६२ टक्के आहे. परीक्षेला बसता येईल का? – एक पालक, पंचवटी

उत्तर : राज्य मंडळाच्या नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. २०० दिवस शाळा भरली, तर दीडशे. तुम्ही आधी वर्गशिक्षकांसमोर हजेरीपट उघडून दिवस मोजा; राहिलेले सगळे दिवस भरले तर आकडा कुठवर जातो, ते तिथेच कळेल. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे सवलत मागता येते. घाटावर बसणं हा आजार नव्हे, आणि खोटा दाखला तर मुळीच आणू नका.

दहावीला बहुतेक विषयांत ८० गुण लेखी, २० अंतर्गत. हे २० शाळेच्या हातात असतात. वही, प्रकल्प, तोंडी सगळं त्यात येतं. गैरहजेरीचा पहिला फटका तिथेच बसतो. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय आहे, पण तो फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. म्हणजे यंदा ती वाट धरू नका.

नाव काढून टाकण्याची भीती कुणी घातली, तर लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे, तरी शाळेनेही आधी पालकांना कळवायला हवं होतं. तुम्हाला दिवाळीनंतर कळलं, तोवर शाळा काय करत होती?

आणि त्याला एकदा न रागावता विचारा, कोणत्या तासाची भीती वाटते. बहुतेक वेळा गणिताची निघते.