पावसाळ्यात धिंगरीला पाणी कमी, हवा जास्त

पाऊस लागला की डहाणू-तलासरीत बाहेरच्याच हवेत आर्द्रता 85 ते 90 टक्क्यांवर जाते. धिंगरी अळिंबीला पीक निघताना नेमकी एवढीच लागते. उन्हाळ्यात गोणपाटं भिजवून भिजवून जे साधावं लागतं, ते जुलैत आपोआप मिळतं. तरीही दिवसातून तीनदा पंप मारायची सवय सुटत नाही, आणि बेड सडू लागतात.

अळिंबी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. सरी आत येऊ नयेत म्हणून खोली चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद केली, तर तो आतच साचतो. मग देठ लांबतात, छत्र्या बारीक राहतात. पुष्कळांना हे पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटतं आणि आणखी फवारणी होते. इथेच घात होतो. ओल्या राहिलेल्या छत्र्यांवर जिवाणूंचे पिवळट-तपकिरी डाग पडतात, पेंढ्यावर हिरवी बुरशी चढते.

वारली पाड्यांवरचं जुनं कुडाचं घर या कामाला फार चांगलं. शेणामातीने लिंपलेल्या कारवीतून आणि कौलांखालच्या फटींतून हवा खेळती राहते, वीज गेली तरी. स्लॅबच्या खोलीत ही सोय मुद्दाम करावी लागते: एक झरोका जमिनीलगत, दुसरा समोरच्या भिंतीत छपराखाली. दोन्हींना 35 ते 40 मेशची जाळी हवीच, नाहीतर माश्या येतात. वीज असेल तेव्हा एक्झॉस्ट पंखा थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा चालवावा. त्याचा झोत थेट बेडवर नको.

पंप उचलण्याआधी ओला-सुका थर्मामीटर पाहावा. सुका 28 अंश आणि ओला 26 दाखवत असेल तर आर्द्रता साधारण 85 टक्के आहे. पाणी मारू नये. फरक एकच अंश असेल तर ती 92 टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा झरोके उघडावेत. फवारणी करावीच लागली तर सकाळी, धुक्यासारखी बारीक, आणि छत्र्या तासा-दोन तासांत सुकतील एवढीच.

छत्रीची कड वर वळण्याआधी काढणी करावी. उशीर झाला की बीजाणू खोलीभर उडतात आणि काम करणाऱ्यांना खोकला धरतो. आत जाताना नाकाला फडकं बांधलेलं बरं. हिरवी बुरशी दिसलेला बेड त्याच दिवशी बाहेर काढून लांब पुरावा. डाग ओळखता येत नसतील तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

दसऱ्यानंतर जमिनीवरून कोरडा वारा सुरू होतो. दोन पाऱ्यांतला फरक चार अंशांवर गेला की गोणपाटं पुन्हा भिजवायला घ्यावीत.