वर्धा अडते, देवळी बिघडते

वर्ध्यातल्या मुलांना मी विंडोजवर पायथन शिकवतो. गावांच्या याद्या, कापसाचे भाव, सातबाऱ्यावरची नावं हाच आमचा डेटा, आणि पहिली अडचण येते ती फाइल उघडतानाच.

१. एरर शेवटच्या ओळीपासून वाचा. 'फाइल नॉट फाउंड' म्हणजे पत्ता चुकलाय. 'परमिशन डिनाइड' आलं तर बहुतेकदा तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी असते, किंवा फाइलऐवजी फोल्डरचा पत्ता दिलेला असतो.

२. 'तूर' नावाचा फोल्डर रोमन लिपीत असेल, तर पत्त्यातला बॅकस्लॅश आणि पुढचा टी मिळून पायथन टॅब समजतं. अवतरणचिन्हाआधी आर लावा, नाहीतर फॉरवर्ड स्लॅश वापरा. विंडोजला तो चालतो.

३. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे दिसतं ते नाव पत्त्यात लिहूनही फाइल सापडत नाही. नव्या मशीनवर बसलात की आधी ती दिसतील असं करा.

४. खरी मेख एन्कोडिंगची. मराठी मजकूर बहुतेकदा यूटीएफ-८ मध्ये साठवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर पायथन मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, तो १२५२ या जुन्या युरोपीय कोडपेजने वाचायला जातं. त्या कोडपेजात ५ जागा रिकाम्या आहेत, आणि आपल्या हलन्ताचा व ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका तिथेच पडतो. जिल्ह्यातले ८ तालुके एकेका फाइलमध्ये टाकून पाहा. वर्धा, आर्वी, आष्टी आणि समुद्रपूर 'चारमॅप'ची एरर देऊन थांबतात. देवळी, सेलू, कारंजा आणि हिंगणघाट बिनतक्रार उघडतात, पण पडद्यावर भलतीच रोमन अक्षरं उमटतात. हे दुसरं मला जास्त घातक वाटतं. एरर आली की माणूस थांबतो. इथे 'देवळी' शोधलं तर एकही ओळ सापडत नाही, आणि अहवालात देवळीपुढे शून्य लागतं. कुणाला शंकाही येत नाही.

५. एक्सेलने 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण असते. पहिला रकाना 'गाव' असूनही सापडत नाही, तो तिच्यामुळे. तिथे एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-सिग' द्या. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल मात्र कुठल्याच एन्कोडिंगने मराठी होणार नाही. ती आतून रोमनच असते, आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा.

६. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट करायचं ठरलं आहे. पण लॅबमधल्या जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालतात. तेव्हा प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहाच, वाचताना आणि लिहितानाही.