पाटीवरचा भाव, पाइपातला माल

सोलापुरात कुठल्या पंपावर पेट्रोल वीस पैशांनी स्वस्त आहे, हे छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतो. जुना पुणे नाका, होटगी रोड, सैफुल, अक्कलकोट रोड, येता-जाता पंपांच्या पाट्या वाचायची सवय मलाही आहे. घरात दोन दुचाक्या, शिवाय टॉवेल-चादरींचा माल वाहणारा भावाचा छोटा हत्ती. तेलाचा खर्च किराण्याच्या बरोबरीला येतो, मग नजर जाणारच. पण या पाट्यांतून हाती फारसं काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कारण साधं आहे. 16 जून 2017 पासून रोज सकाळी 6 वाजता नवा भाव लागू होऊ शकतो. त्यात कच्च्या तेलावरून ठरणारी मूळ किंमत, केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि डीलरचं कमिशन येतं. शहरातल्या शहरात यातलं काहीच फारसं बदलत नाही. उरतं टँकरचं भाडं, आणि तेल कंपन्यांचे डेपो इथे जवळच, पाकणीला. म्हणून सरकारी कंपन्यांच्या दोन पंपांत फरक पडतो तो पैशांत. खासगी पंपांचं गणित कधी कधी वेगळं असतं. 2022 मध्ये कच्चं तेल भडकलं तेव्हा सरकारी कंपन्यांनी भाव धरून ठेवले आणि खासगी पंप महाग पडू लागले. पुढच्याच वर्षी नायराने जूनअखेरपर्यंत लिटरमागे 1 रुपया कमी घेतला. अशा वेळी पाटी जरूर वाचावी.

रुपयांतला फरक दिसतो तो सीमेपलीकडे. विजापूर रस्त्याने टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की धूळखेड, आणि तिथून कर्नाटकाचा कर. जून 2024 मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला, पेट्रोल 3 रुपयांनी चढलं. एप्रिल 2025 मध्ये डिझेलवरचा करही वाढवला. त्यामुळे पूर्वीची चंगळ आता राहिलेली नाही. तरीही आमच्या गल्लीतली पोरं रविवारी ‘स्वस्तात टाकी फुल’ करायला तिकडे जातात. पूल तीसेक किलोमीटरवर. लिटरला 50 देणारी गाडी जाऊन-येऊन सव्वा लिटर पिते, म्हणजे सव्वाशे रुपये गेले. दहा लिटरच्या टाकीवर लिटरमागे 3 रुपये वाचले असं धरलं तरी हाती येतात 30. भाऊ मात्र माल घेऊन विजापूरला जातच असतो, तो परतताना दोन्हीकडचा भाव बघून टाकी भरतो. त्याचं बरोबर आहे.

आता मालाविषयी. ‘अमुक कंपनीचं पेट्रोल चांगलं, तमुकचं पातळ’ हा वाद मी ऐकणं सोडून दिलं आहे. साध्या पेट्रोलला मानक सर्वांना एकच आहे. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल ज्या इंजिनाला लागतं त्याला लागतं. आमच्या 110 सीसी स्कूटरला त्याने पंख फुटत नाहीत. डेपोतून निघालेला टँकर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो, आणि गडबड व्हायचीच असेल तर ती बहुतेक त्यानंतर.

एका पावसाळ्यात रात्रभर कोसळल्यावर सकाळी शहराबाहेरच्या एका पंपावर मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. अर्ध्या किलोमीटरवर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. ढकलत गॅरेज गाठलं तर तिथे दोन मोटारसायकली आधीच टाकी उघडून उभ्या. मिस्त्रीने वर न बघताच विचारलं, “मालक, त्याच पंपावरून आलाय काय?” त्याने पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं. थोड्या वेळात तळाशी गढूळसा थर वेगळा झाला, चांगला चार बोटांचा.

हा थर एवढा जाड कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तीसच्या वर साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याला ते परकं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेल तर ते विरघळून जातं आणि कळतही नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. टाकीचं झाकण किंवा जोड नीट बंद नसेल आणि पावसाचं पाणी झिरपलं, तर आत आलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त माल खराब होतो. पंपाचा पाइप तळाजवळूनच ओढतो, त्यामुळे पहिला मान आपल्याला.

आम्ही तिघं पंपावर परत गेलो. मॅनेजर म्हणाला, “पावसात तुमच्याच टाकीत पाणी गेलं असेल.” एकटा असतो तर बोलणं तिथंच संपलं असतं. तिघांकडे त्याच तासाभरातल्या पावत्या होत्या, म्हणून टाकीत पट्टी घालून दाखवा असा आग्रह धरता आला. पट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. तो बदलला. पंप बंद झाला, पेट्रोलचे पैसे परत मिळाले. इंजेक्टर साफ करायचा खर्च मात्र ज्याचा त्याने केला.

म्हणून मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी टाकी फुल करू नका, गरजेपुरतंच भरा. टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जा, तळाचा गाळ ढवळलेला असतो. गाडी आचके देऊ लागली तर सेल्फ मारत बसू नका. बाटलीतला नमुना आपल्या समजुतीसाठी ठीक. पण तो तुमच्या टाकीतला आहे असं म्हणून पंपवाला हात वर करू शकतो, तेव्हा लगेच पंपावर जाऊन तिथल्या टाकीचीच तपासणी मागा.

सगळ्यांना फिल्टर पेपरची चाचणी माहीत असते. थेंब टाका, दोनेक मिनिटांत उडून जावा, डाग राहू नये. रॉकेलसारखी भेसळ ओळखायला ती बरी, पण पाण्याविषयी ती काही सांगत नाही. घनतेची चाचणी जास्त बोलकी. पंपावर 500 मिलीची काचेची नळी, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो, आणि मागितल्यावर दाखवावा लागतो. पेट्रोलची घनता 15 अंशांना 720 ते 775 च्या दरम्यान हवी. टँकरच्या चलनावरच्या आकड्यापासून 3 पेक्षा जास्त फरक असेल तर प्रश्न विचारा. आकडा 15 अंशांवर आणूनच तुलना करा. सोलापूरच्या 42 अंशांत थेट वाचलेला आकडा कमीच येणार, त्यावरून भांडण काढू नका.

मापाचंही तसंच. 2017 मध्ये ठाणे गुन्हे शाखेने राज्यभर छापे घातले तेव्हा मशिनच्या पल्सरमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. चिप मोजणीतच खोट करते, म्हणून 100 ऐवजी 110 चं भरण्याची युक्ती तिच्यापुढे चालत नाही. चालतं ते वैध मापन खात्याच्या शिक्क्याचं 5 लिटरचं माप. त्यात 25 मिलीपर्यंतची तफावत चालते, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. पहाटे गार असताना भरलं की जास्त मिळतं, ही समजूतही सोडा. जमिनीखालच्या टाकीला सकाळ-दुपार फारशी कळत नाही. आणि मायलेज थोडं घटलं म्हणून लगेच पंपावर संशय घेऊ नका. जुन्या धाटणीच्या दुचाकीचं मायलेज 20 टक्के इथेनॉलने 3 ते 4 टक्के कमी होतं, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे.

तक्रार आधी पंपाच्या वहीत लिहा, मग कंपनीकडे. मापाची असेल तर वैध मापन कार्यालयाकडे. कुठेच दाद लागली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, व्यवहार 5 लाखांच्या आतला असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती मात्र लागते. तिच्या कागदावरची शाई डिकीतल्या उन्हात उडून जाते, तेव्हा पंपावर उभं असतानाच तिचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. तारीख, वेळ आणि नोझलचा नंबर नीट दिसायला हवा.