पंधरा तासांचा प्रवास आणि तितिक्षा (गीता २.१४)



चार-पाच दिवस चिंतन लिहिलं नाही, कारण मी प्रवासात होते. नाताळच्या सुट्टीत नेवार्कहून मुंबईला, तब्बल दोन वर्षांनी घरी आलेय. हे ठाण्याच्या घरातल्या बाल्कनीत बसून लिहितेय. झोपेचं गणित अजून जुळलेलं नाही. दोन्हीकडच्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक आहे, त्यामुळे पहाटे तीनला टक्क जाग येते. म्हटलं, चला, श्लोक घेऊन बसू.

आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४

साध्या शब्दांत अर्थ असा: इंद्रियांचा बाहेरच्या गोष्टींशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. पण हे सगळं येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, ते सहन कर.

या सहन करण्याला गीतेतला शब्द आहे तितिक्षा. मला वाटायचं, मला हा श्लोक कळलाय. विमानात बसेपर्यंत.

थेट विमान होतं, साधारण पंधरा तासांचं. मी ठरवलं होतं की या वेळी सिनेमे नाहीत, दुसऱ्या अध्यायाचे ७२ श्लोक शांतपणे वाचायचे. फोनवर गीता काढली, कानात हेडफोन घातले. पण शरीर ऐकेना. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर बसल्यासारखं! हवा कोरडी, घसा सुकलेला, पाय सुजलेले, कानात दडे बसलेले. मागच्या सीटवरचं बाळ रडत होतं. मी मनात म्हटलं, 'वा, हेच ते शीत-उष्ण. सोसूया.' आणि खरंच सोसलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझ्या हाताला हळूच स्पर्श केला.

"बाळा, ते बाथरूमचं दार कसं उघडतं गं? मघाशी गेले होते, पण जमलंच नाही. तशीच परत आले."

सत्तरीच्या असतील. मुलीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या, सहा महिने राहून एकट्याच परत निघालेल्या. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? 'आत्ताच कशाला? माझा चौदावा श्लोक चाललाय!'

उठले, दार उघडून दिलं, बाहेर थांबले. परत आल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवत विचारलं, "आई येणार का न्यायला?"

"नाही, मीच नको म्हटलंय. जूनमध्ये तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"अगं बाई! तू होतीस ना तेव्हा?"

"नाही. कामातून निघता आलं नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. फक्त उरलेली अर्धी दशमीही मला दिली.

मित्रांनो, तो घास काही केल्या उतरेना. कारण निघता आलं नाही हे अर्धसत्य होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती, मी मागितलीच नाही. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आई फोनवर रडली होती, "खूप दुखतंय गं." तेव्हा मी तिला काय सांगितलं? हाच श्लोक! "आई, हे येतं-जातं, थोडं सहन कर." ती गप्प झाली. मला वाटलं, श्लोकाने तिला शांत केलं. ती मला त्रास नको म्हणून गप्प झाली होती, हे मला पस्तीस हजार फुटांवर कळलं.

मग उरलेल्या प्रवासात हाच एक श्लोक घेऊन बसले. दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली: 'सहन कर' हे भगवंतांनी अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या सुखदुःखाबद्दल सांगितलंय. दुसऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरवायची परवानगी त्यात नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीचा प्रसंग आठवा. भर रणांगणात रथाचे घोडे थकलेले, बाणांनी जखमी झालेले. तेव्हा श्रीकृष्ण त्यांना तितिक्षा शिकवत बसले नाहीत. त्यांनी घोडे सोडले, अंगातले बाण स्वतःच्या हातांनी काढले, त्यांना चोळलं, पाणी पाजलं. गीता सांगणारे तेच हात! माझा त्रास मी सोसायचा, समोरच्याचा त्रास होईल तेवढा हलका करायचा. मी नेमकं उलटं केलं होतं.

दुसरी: या एकाच श्लोकात भगवंत अर्जुनाला दोन नावांनी हाक मारतात, कौन्तेय आणि भारत. आधी आईचा मुलगा, मग कुळाचा वारस. सहन करायला सांगतानाही त्याला एकटं सोडत नाहीत, तू कोणाचा आहेस याची आठवण देतात. जूनमध्ये आईला एवढीच आठवण हवी होती, की कोणीतरी तिचं आहे.

मुंबईत उतरल्यावर आजींची बॅग पट्ट्यावरून काढून दिली, त्यांचा मुलगा दिसेपर्यंत थांबले. घरी पोचले, आईने दार उघडलं. अजून थोडी लंगडते. चहा समोर आल्यावर म्हटलं, "आई, जूनमध्ये मी यायला हवं होतं. आणि ते 'सहन कर' म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खूप दुखायचं गं तेव्हा." आणि सहा महिन्यांपूर्वी न सांगितलेलं सगळं सांगत बसली. मी मध्ये एकही श्लोक बोलले नाही.

आता रोज सकाळी तिचे व्यायाम मी करून घेते. तीन आठवड्यांनी परत जायचंय. हे सुखही येणारं-जाणारंच आहे, श्लोकात सुखाचं नावसुद्धा आहे ना! म्हणून ते घट्ट धरून रडायचं नाही, आणि वायाही घालवायचं नाही.

आजचा अभ्यास: तुम्ही कोणाला 'होईल सगळं ठीक, सहन कर' म्हणून फोन ठेवला होता का? आज त्यांना परत फोन लावा. उपदेश करू नका, फक्त विचारा, "तेव्हा खूप त्रास झाला होता का?" आणि ऐका.

प्रार्थना: हे श्रीकृष्णा, माझं दुःख सोसायचं बळ दे, आणि दुसऱ्याचं दुःख दिसेल अशी नजर दे.

राम कृष्ण हरी! उद्या पंधरावा श्लोक.