शब्दांचे तीन थर

इंग्रजी शब्दकोश उघडणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम एका गोष्टीचे नवल वाटते. एकाच अर्थासाठी दोन-दोन, तीन-तीन शब्द तेथे आढळतात. ‘विचारणे’ या क्रियेसाठी ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’. ‘राजाला साजेसा’ या अर्थी ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’. हे सारे पाठ तरी किती करावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. या विपुलतेचे कारण इंग्लंडच्या इतिहासात आहे. ते एकदा समजले म्हणजे पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या लढाईत विजय मिळवून इंग्लंडचे राज्य घेतले. त्यानंतर दरबारात आणि उच्चवर्गात फ्रेंच भाषेचे वर्चस्व दीर्घकाळ टिकले. सामान्य प्रजा मात्र आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिली. धर्म आणि विद्या यांचा व्यवहार लॅटिनमध्ये चाले. न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, तेव्हा तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला. अशा रीतीने भाषेत तीन थर साचले. ‘आस्क’ हा घरचा शब्द. ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आला. ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून घेतला गेला.

मराठी वाचकास ही स्थिती अपरिचित नाही. ‘पाणी’ आणि ‘जल’ यांचा अर्थ एकच; पण तहानलेला मनुष्य ‘जल द्या’ असे म्हणत नाही आणि ‘जलसिंचना’चे कोणी ‘पाणीसिंचन’ करीत नाही. प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते.

इंग्रजीतही तसेच आहे. मूल आईला ‘आस्क’ करते; वार्ताहर मंत्र्याला ‘क्वेश्चन’ करतात; पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. समजा, एखाद्या अर्जदाराने कार्यालयास लिहिले की, तेथील कारकुनाने आपणास ‘इंटरॉगेट’ केले. कारकुनाने केवळ पत्ता विचारला असेल, तर या एका शब्दाने साध्या निवेदनाची तक्रार होईल. भारदस्त शब्द वापरल्याने भाषा भारदस्त होतेच असे नाही; कित्येकदा ती खोटी मात्र होते.

धातूंचे ज्ञान उपयोगी आहे, परंतु त्यालाही मर्यादा आहे. लॅटिनमधील ‘रोगारे’ म्हणजे विचारणे. ‘इंटरॉगेट’, ‘ॲब्रोगेट’ आणि ‘डिरोगेटरी’ हे तिन्ही शब्द त्याच कुळातील होत. तथापि ‘ॲब्रोगेट’ म्हणजे कायदा रद्द करणे आणि ‘डिरोगेटरी’ म्हणजे अवमानकारक. केवळ धातूवरून हे अर्थ कोणासही सांगता येणार नाहीत. कूळ कळल्याने शब्द लक्षात राहतो. त्याचा अर्थ मात्र प्रयोगावरूनच ठरतो.

यास्तव नवा शब्द टिपताना त्यापुढे केवळ मराठी प्रतिशब्द लिहून थांबू नये. तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे. तो कोण, कोणास उद्देशून वापरतो हे नोंदवावे. आणि त्याचा साधा सोबती कोणता, तेही शेजारी मांडावे. अशा प्रकारे रोज दोनच शब्द शिकले तरी चालेल. जे शिकले ते योग्य जागी वापरता येईल, आणि शब्दसंग्रह वाढला असे त्यानंतरच म्हणता येईल.