मोटार ‘ओळख’ विसरते तेव्हा

दुखणे कोठे आहे हे कळल्यावाचून औषध देणारा वैद्य आणि दोष कोठे आहे हे न पाहता सुटे भाग बदलणारा कारागीर, या दोघांत फारसा फरक नाही. सकाळी मोटार सुरू झाली नाही की प्रथम बॅटरीवर संशय येतो, मग सेल्फवर. दोन्ही बदलून होतात, हजारो रुपये खर्च होतात आणि शेवटी समजते की दोष किल्लीतच होता. म्हणून या लेखात मोटारीतील इमोबिलायझर नावाच्या चोरीरोधक योजनेचा आणि तिच्यातील दोष ओळखण्याच्या क्रमाचा विचार आम्ही करणार आहोत.

पूर्वीच्या मोटारीस किल्ली हे केवळ कुलूप उघडण्याचे साधन होते. तारा जोडून गाडी पळविणे चोरास कठीण नव्हते. त्यावर उपाय म्हणून किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप बसविण्याची पद्धत आली. ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ सालच्या ऑक्टोबरपासून, तर कॅनडात २००७ सालच्या सप्टेंबरपासून सक्तीचा झाला. आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारींतही तो असतो.

या चिपला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीच्या कुलुपाभोवती तारेचे एक कडे असते. किल्ली फिरविताच त्या कड्यात वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्याच्या प्रभावाने चिपमधील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली शोधलेले, आमचे विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतात तेच हे तत्त्व होय. जागी झालेली चिप आपला संकेत कळविते. तो नोंदीतल्या संकेताशी जुळला तरच एंजिनाचा नियंत्रक परवानगी देतो. न जुळल्यास काही गाड्यांत सेल्फच फिरत नाही, तर काहींत एंजिन सुरू होऊन एकदोन सेकंदांत बंद पडते.

आता निदानाचा क्रम पाहू.

पहिली पायरी : डॅशबोर्डकडे पाहावे. किल्लीचे किंवा कुलुपाचे चित्र असलेला दिवा इग्निशन ऑन करताच क्षणभर लागून विझला, तर बहुधा ओळख पटली असे समजावे. तो भराभर लुकलुकत राहिला किंवा विझेचना, तर संशय इमोबिलायझरवर घ्यावा. प्रत्येक कंपनीची खूण थोडी निराळी असते, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका अवश्य चाळावी. बंद करून ठेवलेल्या गाडीत हाच दिवा संथपणे लुकलुकत असेल, तर तो पुष्कळदा पहारा चालू असल्याची खूण असतो. तो दोष नव्हे.

दुसरी पायरी : बॅटरी बदलू नये, मोजावी. काही तास स्वस्थ असलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी. सेल्फ मारताना दिवे मंद होऊन नुसता टकटक आवाज आला, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या सैल, गंजलेल्या टोकांचा. बॅटरी फार उतरल्यास ओळख पटण्यातही अडथळा येतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

तिसरी पायरी : जुडग्यातील इतर किल्ल्या व धातूचे कडे काढून एकटी किल्ली लावून पाहावी. दुसऱ्या गाडीची चिप असलेली किल्ली जवळ असल्यास संकेतांचा गोंधळ होऊ शकतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर पुस्तिकेत सांगितलेल्या जागी रिमोट टेकवून गाडी सुरू करता येते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची : दुसरी किल्ली लावावी. दुसरीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी झाली नाही, तर दोष बहुधा गाडीत, म्हणजे फ्यूज, कड्याचा सैल जोड, तुटलेली तार वा नियंत्रक यांत शोधावा. एवढ्या एका कसोटीने निम्मे काम होते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने किल्लीचे फुटके कवच रस्त्यावरील कारागिराकडून बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी आजीबाईंना डायलिसिससाठी न्यायचे, तर गाडी हलेना. रिक्षाने जावे लागले. जुन्या कवचात राहिलेली चिप कचऱ्यात गेली होती! नव्या किल्लीने दार उघडत होते, सेल्फही फिरत होता, पण एंजिन तिला ओळखत नव्हते. कपाटातली दुसरी किल्ली आणली आणि गाडी तत्काळ सुरू झाली.

पुढील काम जाणत्या मेकॅनिकचे. स्कॅनर लावल्यावर ‘पी ०५१३’ हा संकेत आला, तर किल्ली चुकीची ठरली असा त्याचा अर्थ. कड्याची तार तुटली आहे की नाही हे मल्टिमीटरने कळते. नवी किल्ली नोंदविताना मालकीची कागदपत्रे आणि घरातील सर्व किल्ल्या बरोबर न्याव्यात, कारण काही गाड्यांत नव्या नोंदणीच्या वेळी हजर नसलेल्या किल्ल्या बाद होतात. इमोबिलायझर कायमचा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. दाराची कडी मोडली म्हणून दारच काढून टाकण्यासारखे ते आहे.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालेली गाडी भर पावसात वाटेतच रुसली, तर कपाटातील दुसरी किल्ली काय कामाची? लांबच्या प्रवासात ती सोबतच्या दुसऱ्या माणसाजवळ द्यावी. घरी असताना महिन्यातून एकदा तिनेच गाडी सुरू करून पाहावी. एकच किल्ली उरली असेल, तर दुसरी आजच करून घ्यावी. चालू किल्ली हाती असताना हे काम सोपे असते. सर्वच किल्ल्या गेल्या की तेच काम पुष्कळ महाग आणि वेळखाऊ होते.